हाडाच्या पेशीला दोघंही लागतात

आजकाल पंचेचाळिशीच्या पुढच्या दोन बायका भेटल्या की गुडघे, कंबर, आणि लगेच "तुझं व्हिटॅमिन डी किती आलं गं?" कुणाचं ९, कुणाचं १४. मग डॉक्टरांनी दिलेली साठ हजार युनिटची गोळी, आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि परत टेस्ट केली की आकडा चाळीसच्या वर गेलेला असतो आणि घरातले सगळे निश्चिंत होतात की चला, हाडांचं एक काम मार्गी लागलं. माझा जीव नेमका इथे अडकतो. कारण तो आकडा रक्तातला असतो, हाडातला नाही. आणि रक्तात फिरणारं डी हाडाच्या पेशीने नीट वापरायचं असेल तर बाईच्या शरीरात आणखी एक हार्मोन लागतं, अंडाशयात तयार होणारं, ज्याचं नाव त्या रिपोर्टवर कुठेच नसतं. इस्ट्रोजेन.

यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं. मी स्वतः आता त्या वयात आहे हे एक कारण, पण त्याहून मोठं म्हणजे लग्नाआधी पुण्यात एका लॅबमध्ये मी ह्याच पेशी वाढवायचे, ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे नवं हाड बांधणाऱ्या पेशी, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचलेला नाहीये, डोळ्यांनी बघितलेला आहे.

लॅबमध्ये आमच्याकडे साओस-२ नावाच्या, ऑस्टिओब्लास्टसारख्याच वागणाऱ्या पेशी होत्या. १९७३ मध्ये हाडाचा कॅन्सर झालेल्या एका ११ वर्षांच्या मुलीच्या गाठीतून त्या घेतलेल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी फ्लास्क हातात धरून बराच वेळ नुसती बघत बसले होते. मायक्रोस्कोपखाली त्या पसरट, कोनाकोनाच्या दिसतात, एकमेकींना चिकटून. व्हिटॅमिन सी आणि फॉस्फेटचा पुरवठा चालू ठेवला की हळूहळू त्यांच्याभोवती कॅल्शियम साचायला लागतं, मग अ‍ॅलिझरिन रेड नावाचा रंग टाकायचा, जिथे कॅल्शियम तिथे लालभडक ठिपके. हाड कसं होतं ते प्लॅस्टिकच्या तळाशी असं दिसतं.

आता यात एक गंमत आहे. ह्या पेशी ज्या पाण्यात वाढतात, मीडियम म्हणतात त्याला, त्याचा रंग छान गुलाबीसर असतो. तो फिनॉल रेडचा. आम्लता बदलली की पिवळा पडतो म्हणून टाकलेला, बाकी काही काम नाही त्याचं. पण १९८६ मध्ये लक्षात आलं की त्या रंगाचा पेशींवर हलका इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो (नंतर कळलं की दोष रंगात मिसळलेल्या अशुद्ध पदार्थाचा). म्हणजे तोवर जगभर लोक इस्ट्रोजेनचे प्रयोग करत होते आणि ज्या पेशींना "इस्ट्रोजेन दिलं नाही" म्हणत होते त्यांनाही थोडंसं मिळतच होतं. तेव्हापासून इस्ट्रोजेनचं काम करायचं तर बिनरंगाचं मीडियम घ्यायचं, आणि त्यात घालायचं सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातला पातळ भाग, कोळशाने गाळून घ्यायचं, कारण सीरममध्ये वासराच्या शरीरातले हार्मोन आलेलेच असतात. कोळसा इस्ट्रोजेन ओढून घेतो आणि त्याबरोबर व्हिटॅमिन डी पण ओढून घेतो. दोघंही तेलात विरघळणारे, दोघांचीही सुरुवात कोलेस्टेरॉलच्या घराण्यातून, कोळशाला त्यांच्यात फरक करता येत नाही. त्या गाळलेल्या सीरमवर ठेवलेल्या पेशी मरत नाहीत, जगतात, पण बघितलं की कळतं ह्या सुस्तावल्यात. पाळी गेल्यानंतरच्या हाडाची मला आठवण येते ती ह्या बिनरंगाच्या मीडियममधल्या पेशींमुळे.

आता पेशीच्या आत काय चालतं ते. आपण व्हिटॅमिन डी म्हणतो पण ते वागतं हार्मोनसारखं. त्वचेत तयार झालेलं किंवा गोळीतून आलेलं डी आधी लिव्हरमध्ये बदलतं, मग किडनीत, आणि तिथे त्याचं खरं कामाचं रूप तयार होतं, कॅल्सिट्रायॉल. ते हाडाच्या पेशीत शिरतं आणि तिथल्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रोटीनवर, जाऊन बसतं. तो रिसेप्टर आणखी एक जोडीदार बरोबर घेतो, दोघं मिळून डीएनएवर ठराविक जागी बसतात, आणि मग ऑस्टिओकॅल्सिनसारखी हाडाच्या बांधणीतली प्रोटीन्स तयार होतात. रिसेप्टर नसेल तर कॅल्सिट्रायॉल कितीही असो, काही होत नाही. रोज दूधवाला येतो पण दारात भांडंच ठेवलेलं नाही, तसं.

आणि भांडं ठेवायच्या कामात इस्ट्रोजेनचा हात आहे. १९९२ साली उंदराच्या हाडपेशींसारख्या पेशींवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की इस्ट्रोजेन दिलं की त्या पेशींमधले व्हिटॅमिन डीचे रिसेप्टर वाढतात. डी तेवढंच, पण ते घेणाऱ्या जागा जास्त. आतड्यातही इस्ट्रोजेन कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करतं आणि पाळी गेल्यावर हे शोषण कमी होतं, जेवण तेच असलं तरी. शिवाय इस्ट्रोजेन हाड बांधणाऱ्या पेशींना लवकर मरू देत नाही आणि हाड खाणाऱ्या पेशींना जास्त दिवस जगू देत नाही. उलट्या बाजूने डी पण इस्ट्रोजेनला मदत करतं, हाडाच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं जे तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतं, आणि कॅल्सिट्रायॉल त्याला थोडी चालना देतं असं पेशींवरच्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे हे एकतर्फी नाहीये, देणंघेणं आहे.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. व्हिटॅमिन डी हाड फक्त बांधतं असं नाही, हाड मोडायचा निरोपही तेच देतं! रक्तात कॅल्शियम कमी पडायला लागलं की हृदय चालायला, स्नायू हलायला ते कुठून तरी आणावं लागतं, आणि सगळ्यात मोठा साठा हाडात. तेव्हा कॅल्सिट्रायॉल हाड बांधणाऱ्या पेशींनाच सांगतं की रँक लायगँड नावाचं प्रोटीन बाहेर काढा, आणि ते प्रोटीन हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतं, त्यांची संख्या वाढवतं. इथे इस्ट्रोजेन आवर घालतं. ते रँक लायगँड दाबून ठेवतं आणि त्याला मध्येच अडवणारं दुसरं प्रोटीन, ऑस्टिओप्रोटेगरिन, वाढवतं. तरुण बाईच्या हाडात ही दोन्ही ओढताण चालू असते आणि तोल सांभाळला जातो. पाळी जाते तेव्हा आवर घालणारा हात निघून जातो. मग पाळी जाण्याच्या आसपासची काही वर्षं मणक्यातलं हाड दर वर्षाला साधारण २ टक्के उतरतं. दोन म्हणजे काय फार नाही असं वाटतं, पण पाच-सात वर्षं धरा आणि मग बघा.

हे हाडाचं आणि इस्ट्रोजेनचं नातं पहिल्यांदा नीट मांडलं ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर ऑलब्राइट यांनी, १९४१ मध्ये. मणके चेपलेल्या बायका त्यांच्याकडे यायच्या आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या पाळी गेलेल्या. त्यांचा अंदाज होता की इस्ट्रोजेन हाड बांधणाऱ्या पेशींवरच काम करत असणार. पण त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टर प्रत्यक्ष सापडायला १९८८ साल उजाडलं. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत कितीतरी जणांना वाटत होतं की इस्ट्रोजेन हाडावर थेट काही करतच नसेल, दुसरीकडून काहीतरी होत असेल.

आणि १९९४ मध्ये अमेरिकेतून एक केस छापून आली जी मी कधी विसरणार नाही. २८ वर्षांचा पुरुष, उंची २०४ सेंटीमीटर, आणि अजून वाढतच होता. हाडांच्या टोकांची वाढीची जागा बंदच झालेली नाही. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, रक्तात इस्ट्रोजेन तर नेहमीपेक्षा जास्त, पण त्याचा इस्ट्रोजेन रिसेप्टर जन्मतः बिघडलेला, त्यामुळे असलेल्या इस्ट्रोजेनचा काही उपयोग नाही आणि एवढ्या धिप्पाड माणसाची हाडं विरळ झालेली. तेव्हा सगळ्यांना कळलं की पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागतं. व्हिटॅमिन डीच्या बाजूलाही अशीच केस असते. काही मुलांमध्ये डीचा रिसेप्टर जन्मतः बिघडलेला असतो, त्यांच्या रक्तात कॅल्सिट्रायॉल भरपूर, कित्येकदा नेहमीच्या कितीतरी पट, तरी मुडदूस होतो, पाय वाकतात, बऱ्याच जणांच्या डोक्यावर केसही येत नाहीत. ह्या दोन्ही केसेस शेजारी ठेवून बघा. रक्तातला आकडा उत्तम, हाड मात्र उपाशी. म्हणून मी म्हणते की नुसता डीचा रिपोर्ट बघून हाडाचा निकाल लावू नका.

आता कुणी म्हणेल मग डी घेऊच नये का. घ्यावं की! कमी असेल तर नक्की घ्यावं. पण एकट्या डीकडून किती अपेक्षा करायची हे कळलं पाहिजे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड मोठा अभ्यास झाला. त्यात ३६ हजारांहून जास्त पाळी गेलेल्या बायकांच्या एका भागाला रोज कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं, आणि २००६ मध्ये निकाल आला की सगळ्या बायका मिळून बघितलं तर खुब्याचं फ्रॅक्चर कमी झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात इस्ट्रोजेन असलेले हार्मोन दिले होते, तिथे खुब्याची फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांशाने कमी झाली. पण ह्या दुसऱ्या भागाची बातमी २००२ मध्ये आली ती ब्रेस्ट कॅन्सर, स्ट्रोक आणि रक्ताच्या गाठींची, आणि जगभरच्या बायकांनी घाबरून एका रात्रीत हार्मोन बंद केले, डॉक्टरांनीही हात आखडते घेतले. भीती अगदीच खोटी नव्हती, धोका आहे, पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. पन्नाशीच्या आतल्या बाईचा हिशोब वेगळा असतो. नंतर २०१४ मध्ये त्याच आकडेवारीतून असं दिसलं की ज्यांना हार्मोन आणि कॅल्शियम-डी दोन्ही मिळालं त्यांच्यात खुब्याची फ्रॅक्चर सगळ्यात कमी, एकेकटं घेणाऱ्यांपेक्षा कमी. पेशीत जे दिसत होतं तेच हजारो बायकांत दिसलं. मला ते वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू, लॅब सोडून कितीतरी वर्षं झाली होती तरी.

उन्हाबद्दल एक बोलायचंच आहे. आपल्याकडे सांगतात कोवळ्या उन्हात बसा. सकाळी सातचं ऊन अंगाला छान वाटतं, पण डी तयार करणारे यूव्हीबी किरण तेव्हा फारच कमी पोचतात, सूर्य वर यावा लागतो, साधारण अकरा ते दोन. काचेमागे बसून तर काहीच नाही, काच ते किरण अडवते. आणि आपला सावळा रंग, त्याला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे भरपूर ऊन असलेल्या देशात एवढी कमतरता कशी, याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नये.

हे सगळं मी एकदा गावी चुलतभावाच्या बायकोला सांगत होते. आमचं गाव बीड जिल्ह्यात. वहिनी चाळिशीच्या आतली, ऊसतोडीला जाते, नवराबायकोचा एक कोयता, म्हणजे दोघं मिळून एकच मजूर धरतात. ती ऐकत होती आणि मग म्हणाली, "वन्सं, ऊन ऊन काय सांगता, माझा समदा जलम उन्हातच गेला की."

तिला काय उत्तर द्यायचं सुचेना मला. कारण तिचं खरं होतं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती थेट उन्हाळ्यापर्यंत. पण ती फडात असते तेव्हा कशी असते ते मी बघितलंय. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्याला फडकं कानावरून घट्ट गुंडाळलेलं, कारण उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं आणि पाचटाने अंग खाजतं. उघडं राहतं ते तोंड आणि हाताचे पंजे, एवढंच. ऊन दिवसभराचं, पण कातडीला लागतं ते इवलंसं.

तरी ऊन हा तिचा खरा प्रश्न नाहीच. तिची पिशवी तिशीच्या आतच काढलेली आहे.

आमच्याकडे गर्भाशय काढण्याला पिशवी काढली म्हणतात आणि ते इतकं सहज म्हणतात की दात काढला वाटावं. २०१९ मध्ये ह्या विषयाचा खूप गवगवा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. कारणं सगळ्यांना माहिती आहेत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, कोपीत राहायचं, ना संडास ना पाणी, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत चार दिवस बसलं तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात, मग तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात दाखवलं की सांगतात काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. वहिनीला पण असंच सांगितलं होतं. तिने घाबरून हो म्हटलं आणि कर्ज काढून ऑपरेशन केलं.

आता हाडाच्या बाजूने बघा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं पण काढली असतील तर इस्ट्रोजेन त्या दिवशीच जवळजवळ बंद. अंडाशयं ठेवली असली तरी त्यांचं काम नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थांबण्याची शक्यता वाढते. आधीच आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य बायकांचं ५१च्या आसपास. आणि पिशवीच नसल्यावर पाळी कधी थांबली असती हे त्या बाईला कळायला काही मार्गच उरत नाही, अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, ती म्हणते कामाचा शीण असेल.

लोक म्हणतात कष्टाची बाई, हाडं दणकट असणार. मला आधी तेच वाटायचं, ओझं उचललं की हाड घट्ट होतं हे खरंच आहे. पण २००३ मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांवर दाखवलं की ताण पडल्यावर हाडाने वाढायचं असेल तर त्यालाही इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर लागतो, तो नसलेल्या माद्यांच्या हाडाने ताणाला फारच कमी प्रतिसाद दिला. त्यांची मांडणी अशी की इस्ट्रोजेन घटलं की हाडाच्या पेशीत हा रिसेप्टरही घटतो. म्हणजे वहिनी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते तेव्हा तिच्या हाडाला त्या कष्टाचं जे थोडंफार फळ मिळायला हवं होतं तेही पूर्ण मिळत नसणार. खायला भाकरी आणि ठेचा, दूध विकायला जातं. मागच्या साली ती बांधावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं, साठीच्या बाईचं फ्रॅक्चर आहे हे. तिला प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, साठ हजाराची पाकिटं दिली. पिशवीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

मला राग येतो तो इथे. डी दिलं ते बरोबरच दिलं. पण पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं हा काही माझा शोध नाहीये, बहुतेक मार्गदर्शक सूचनांमध्ये ते लिहिलेलं आहे. २००२ च्या त्या बातमीतली भीती ह्या बायकांना लागू करायचं कारण नाही, कारण त्यांना वरचं काही द्यायचं नाहीये, जे वेळेआधी गेलं तेवढंच परत द्यायचंय. ते दिलं की त्या साठ हजाराच्या पाकिटालाही हाडात जागा मिळेल.

ह्या वर्षी वहिनी टोळीबरोबर गेली नाही, मनगट अजून नीट वळत नाही. तिच्या ऑपरेशनचा कागद आम्ही शोधून काढला, पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली होता. त्यावर गर्भाशय काढल्याचं लिहिलंय, अंडाशयांचा उल्लेखच नाही. म्हणून आधी सोनोग्राफी करून बघायचं अंडाशयं आहेत का, रक्तातलं एफएसएच नावाचं हार्मोन तपासायचं म्हणजे ती चालतात का ते कळेल, मग डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी. डेक्साला पुण्यालाच यावं लागणार, ती आमच्याकडेच राहील. ते रिपोर्ट आले की स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर ठेवायचे आणि सरळ विचारायचं, वय चाळीसच्या आत आहे, डी चालू आहे, इस्ट्रोजेन देता येईल का. दोन जणींनी अजून विचारलंय वहिनीला, आमचे पण कागद घेऊन जाल का म्हणून.